दार उघडलं तरी पायाखाली अंधार: जुन्या मारुती ८०० चा केबिन लाइट, भंगारातले पार्ट आणि पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

गाडी १९९८ ची मारुती ८००. छतातला दिवा पिवळट आणि मिणमिणता. बल्ब बदलला की महिनाभर बरा वाटायचा, मग पुन्हा तसाच. एलईडी टाकला तर दारं बंद करूनही तो अंधुक जळत राहायचा. खड्ड्यातून गाडी गेली की लुकलुकायचा. आणि वर्षातून दोन-तीनदा सकाळी बॅटरी उतरलेली. तीन वर्षं हे प्रकार आलटून पालटून चालले आणि मी दर वेळी नवीन बल्ब आणत राहिले. बल्बचा यात काडीचाही दोष नव्हता, हे कळायला मला फार उशीर लागला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ही बाबांची गाडी. वीस वर्षं चिपळूणला होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती काकांच्या घराजवळ चढावर लावलेली होती म्हणून वाचली, पण कोकणातल्या पावसाने आणि दमट हवेने जे करायचं ते तिला आधीच करून ठेवलं होतं. बाबा गेल्यावर मी ती पुण्याला आणली. आई शहात्तर वर्षांची आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ती मागे डावीकडे बसते. माझ्या गाडीला दाराचे स्विच फक्त पुढच्या दोन दारांना आहेत, म्हणजे आईने मागचं दार उघडलं तरी दिवा लागतच नाही. मग मी मागे हात करून छतातला दिवा चालू करायचा, तिला उतरवायचं, पिशव्या काढायच्या, आणि या सगळ्यात दिवा बंद करायचं विसरायचं. सकाळी गाडी गप्प. एकदा उतरताना तिचा पाय गाडीच्या उंबऱ्याला अडकला आणि ती दारावर आपटली. फार लागलं नाही, पण त्या दिवसापासून मी हा दिवा मनावर घेतला.

आधी मोजा, मग खरेदी करा

जुन्या गाड्यांमधली ही वायरिंग अगदी साधी असते, पण ती उलट्या बाजूने चालते. घरात आपण स्विचने फेज तोडतो. इथे दिव्याला प्लस कायम येतो, किल्ली काढली तरीही. दाराचा स्विच तोडतो तो मायनस. दाराच्या चौकटीत स्प्रिंगवर बसवलेली एक पिन असते. दार बंद झालं की ती आत दाबली जाते आणि संपर्क तुटतो. दार उघडलं की पिन बाहेर येते आणि दिव्याची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला मिळते. पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो, यालाच अर्थिंग म्हणतात. या स्विचला वायर एकच. दुसरी वायर म्हणजे त्याला चौकटीत धरून ठेवणारा स्क्रू. तो स्क्रू गंजला की अर्थिंग गंजलं, आणि मग छतात कितीही महागाचा बल्ब लावा.

हे ताडून बघायला मल्टीमीटर लागतो, साधा चालतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बल्ब जागेवर असू द्या आणि जळत असू द्या. बल्ब काढून मोजलं तर मीटर गंजातूनही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाह वाहतच नसतो. मी पहिल्यांदा असंच मोजलं होतं आणि 'सप्लाय ठीक आहे' म्हणून मोकळी झाले होते.

दार उघडं, १० वॅटचा बल्ब पेटलेला, इंजिन बंद. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांमध्ये फक्त ९.७. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत मोजलं तर ०.२, ते चालण्यासारखं. मग बल्बच्या मायनस टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत (लांब वायर जोडून घ्यावी लागते) मोजलं तर २.५. चोर तिथे होता.

अडीच व्होल्टनी एवढं काय होतं? फिलामेंटच्या बल्बात बरंच होतं. त्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने घसरतो. १२ व्होल्टच्या बल्बला ९.७ मिळाले की उजेड जेमतेम निम्मा राहतो आणि रंग तांबूस होतो. म्हणजे मी १० वॅटचा बल्ब लावून ५ वॅटचा उजेड घेत होते. आणि याला कारण किती? हिशोब केला तर प्रवाहाला साडेतीन ओहमच्या आसपास विरोध करणारा गंज.

स्विच काढायला एकच स्क्रू असतो. तो काढायच्या आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल सुटं करा. छतातला प्लस कायम जिवंत असतो आणि वर पत्राच पत्रा आहे, स्क्रू ड्रायव्हर निसटला तर ठिणगीच. स्विच बाहेर ओढलात की लगेच त्याच्या वायरला चौकटीवर टेप लावून ठेवा, नाहीतर वायर पोकळ खांबात सटकते आणि मग अर्धा दिवस तारेचा आकडा घालून शोधत बसावं लागतं. माझा स्विच बाहेर आला तेव्हा स्क्रूच्या भोवती तांबडी पूड आणि पिनवर हिरवट थर होता. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने स्क्रूची जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, पिन आणि संपर्काची पट्टी साफ केली, जुना स्क्रू फेकून नवीन घातला आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. रबरी टोपी फाटलेली होती, ती बदलली. तीच खरी पावसाची वाट.

पुन्हा मोजलं तर मायनस बाजूला ०.१५ व्होल्ट. तोच जुना बल्ब, तोच पिवळा पडलेला पारदर्शक कव्हर, आणि उजेड दुपटीच्या जवळ. हे फुकटात झालं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हे केल्याशिवाय कुणीही बाजारात जाऊ नये.

भंगारातला दिवा निवडताना

तरीही मूळ दिवा अपुराच होता. एक लांबुळका बल्ब, मागे पांढरं प्लॅस्टिक, समोर अरुंद कव्हर. उजेड सगळीकडे पसरतो आणि हवा तिथे पडत नाही. मला हवा होता नंतरच्या सेडान गाड्यांमध्ये येतो तसा, मधे मोठा दिवा आणि दोन बाजूंना वाचायचे दोन छोटे दिवे, प्रत्येकाला चकचकीत वाटी आणि वेगळं बटण. नवीन घेण्यात अर्थ नव्हता. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मी दोन रविवार गेले. मुंबईतली मंडळी यासाठी कुर्ल्याला जातात. मला एका मोडीत निघालेल्या सेडानचा दिवा दीडशे रुपयांत मिळाला. कुठल्या गाडीचा आहे याला मी फार किंमत देत नाही. तो उघडून बघितल्यावर काय दिसतं याला देते.

कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग) आणि त्याच्यासोबत निदान एक वीत वायर नसेल तर दिवा घेऊ नका. विक्रेते घाईत वायर मुळाशी कापतात, मग जोडायला काही उरत नाही. कपलरच्या आत टॉर्चचा उजेड पाडून बघा. बारीक, वाळलेली, पिठासारखी माती दिसली तर तो पार्ट पुरात बुडालेल्या गाडीचा आहे. चिपळूणच्या लोकांना ही माती ओळखायला शिकवावी लागत नाही. बाहेरून तो पार्ट धुऊन लखलखीत केलेला असतो, पण कपलरच्या खाचेत माती राहतेच, आणि असला पार्ट सहा महिन्यांत हिरवा पडतो. बल्बला धरणाऱ्या पट्ट्या बोटाने दाबून बघा, त्या परत उसळल्या पाहिजेत. सैल पट्टी हेच खड्ड्यातल्या लुकलुकण्याचं निम्मं कारण. वाटीवर किंवा कव्हरवर तपकिरी डाग असेल तर आधीच्या मालकाने ठरल्यापेक्षा जास्त वॅटचा बल्ब घातला होता, प्लॅस्टिक ठिसूळ झालं आहे. आणि आत सर्किट बोर्ड असेल, पाच-सहा वायरी असतील, तर ठेवून द्या. नव्या गाड्यांमध्ये दिवा गाडीच्या कंट्रोल युनिटच्या हुकमाने चालतो, आपल्या साध्या दोन वायरींवर त्याचं काही चालत नाही.

स्वतःच दिवा काढून घेणार असाल तर एक इशारा. पिवळ्या रंगाचे कपलर आणि वायरी एअरबॅगच्या असतात. छताच्या कडेने किंवा खांबातून त्या जाताना दिसल्या तर तिथे पकड लावू नका.

तपासणीसाठी मी यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) छोटी बॅटरी पिशवीत घेऊन गेले होते. विक्रेत्याने आधी नवलाने पाहिलं, मग त्याच बॅटरीवर स्वतःचे चार दिवे तपासून घेतले.

तीन वायरींचा उलगडा

घरी आल्यावर पहिला प्रश्न, कपलरमधल्या तीन वायरींपैकी कुठली कशाची. रंगांवर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक ते बदलतात. सगळे बल्ब काढा, मीटर बझरवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. मधल्या दिव्याचं सरकतं बटण 'ऑन', 'डोअर', 'ऑफ' अशा तीन जागी जातं. बल्बच्या एका टोकाला जी वायर तिन्ही जागी कायम बझर देते ती प्लस. दुसऱ्या टोकाला 'ऑन'वर जी वायर बझर देते ती अर्थिंगची आणि 'डोअर'वर जी देते ती दाराची. वाचायच्या दिव्यांची बटणं दाराच्या वायरीला शिवतच नाहीत, ती थेट अर्थिंगला जातात. हे सगळं तसंच जुळलं तर दिवा आपल्या पद्धतीचा आहे. उलट दिसलं, म्हणजे बल्बचं एक टोक कायम अर्थिंगला आणि बटण प्लसच्या बाजूला, तर तो दिवा आपल्या वायरिंगला उलटा आहे. त्यात खटपट करण्यापेक्षा दुसरा शोधा.

बसवताना मूळ छिद्र आणि नवा दिवा जुळणार नाहीच. मी ३ मिमी जाडीच्या प्लॅस्टिक शीटची पट्टी कापून छताच्या अस्तराच्या रंगाने रंगवली, जुन्या दिव्याच्याच दोन भोकांत ती पट्टी बसवली आणि पट्टीवर नवा दिवा. छताला नवं भोक पाडू नका, आणि मूळपेक्षा लांब स्क्रू तर कधीच घालू नका. अस्तराच्या वर थोडी पोकळी आणि लगेच बाहेरचा पत्रा असतो, आणि तो मिलिमीटरपेक्षा पातळ. लांब स्क्रूने आतून टेंगूळ आणलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पावसाळ्यात ते टेंगूळ गळतं.

नवा दिवा बसवल्यावर आलेल्या तक्रारी

पहिली तक्रार लगेच आली. 'डोअर'वर दिवा लागतो, 'ऑन'वर लागत नाही, वाचायचे दिवेही लागत नाहीत. कारण सोपं आहे पण लक्षात येत नाही. माझ्या गाडीत छतापर्यंत दोनच वायरी येतात, प्लस आणि दाराची. जुन्या दिव्याला 'ऑन'साठी लागणारं अर्थिंग त्याच्या पत्र्याच्या पट्टीतून, स्क्रूमार्गे थेट छताला मिळत होतं. नवा दिवा सगळा प्लॅस्टिकचा, वर माझी प्लॅस्टिकची पट्टी. त्याला अर्थिंग मिळणार कुठून? एक काळी वायर रिंग टर्मिनल लावून जुन्या स्क्रूच्या खाली दाबली, तिथला रंग आधी खरवडला, आणि ती तिसऱ्या वायरीला जोडली. काम झालं.

दुसरी तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते, म्हणून जरा थांबून सांगते. एलईडी लावल्यावर दारं बंद असतानाही दिव्यात चांदण्यासारखा फिका उजेड राहतो. लोक म्हणतात एलईडी खराब आहे, दुसरा आणतात, तोही तसाच. मूळ असं आहे की दाराचा स्विच ओला किंवा मळलेला असला की बंद असतानाही त्याच्यातून थेंबथेंब प्रवाह झिरपतो, एखाद-दोन मिलिअँपिअर. १० वॅटच्या फिलामेंटला उजळायला शेकड्यांनी मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे ही गळती इतकी वर्षं चालू असूनही दिसत नव्हती. एलईडीला डोळ्याला दिसण्यापुरतं जळायला एक मिलिअँपिअरही पुरतो. म्हणजे एलईडीने बिघाड केला नाही, आधीचा बिघाड दाखवला.

त्यामुळे पहिला उपाय पुन्हा तोच, स्विच काढा, साफ करा, कोरडा करा, टोपी बदला. पावसाळ्यात तेवढ्याने भागत नसेल तर एलईडीच्या दोन टोकांना समांतर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडा. गळतीचा प्रवाह त्यातून निघून जातो. एक-दोन मिलिअँपिअरने त्याच्यावर एक-दोन व्होल्टच येतात, आणि तीन एलईडी एका ओळीत असलेला १२ व्होल्टचा दिवा तेवढ्यावर पेटत नाही. दिवा चालू असताना रेझिस्टर फक्त १२ मिलिअँपिअर घेतो, त्याचा बॅटरीवर भार नाही. पण रेझिस्टर लावून गळती झाकायची आणि स्विच सडू द्यायचा, हे मला पटत नाही.

एलईडी घेताना लांबी मोजून घ्या. टोकदार दोन टोकांचे बल्ब ३१, ३६, ३९ आणि ४१-४२ मिमी अशा मापांत येतात. ३ मिमीचा फरक पट्टी वाकवून भागवला की तीच पट्टी पुढे सैल पडते. काही एलईडी उलटे लावले की पेटत नाहीत, ते जळालेले नसतात, फक्त फिरवून लावा. रंग मात्र विचार करून निवडा. मी आधी ६००० केल्विनचा निळसर पांढरा लावला होता. दिसायला झगझगीत, पण आईला त्याचा त्रास झाला. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात असा उजेड पसरतो आणि चकाकी वाटते. ३००० केल्विनचा उबदार रंग लावल्यावर ती म्हणाली, "आता घरातल्यासारखं दिसतं." चालवणाऱ्यालाही तोच बरा. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक क्षणाचा पांढरा झगमगाट ती सगळी कमाई घालवतो.

स्वस्त एलईडीने आणखी एक गोष्ट होते. आकाशवाणी लावली की खरखर ऐकू येते आणि दिवा बंद केला की थांबते. दिव्याच्या आतलं सर्किट तो आवाज करतं. त्याला घरगुती उपाय शोधू नका, दिवा बदला.

तिसरी तक्रार लुकलुकण्याची. सैल पट्टीचं वर सांगितलं. पण साफ दिसणारा स्विचही एलईडीसोबत लुकलुकतो, आणि याचं कारण मला फार आवडलं. जुना बल्ब ०.८ अँपिअर घ्यायचा. तेवढा प्रवाह दर वेळी संपर्कावरचा पातळ थर जाळून स्वतःची वाट मोकळी ठेवायचा. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच प्रवाह घेतो, त्याच्यात ते बळ नाही. म्हणून एलईडी लावलेल्या गाडीत स्विच पूर्वीपेक्षा जास्त वेळा साफ करावे लागतात. मी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करते.

आईच्या दाराला स्विच

आता ज्याच्यासाठी सगळं केलं ते. मागच्या दोन दारांना स्विच बसवायचे होते. भंगारात पिनचे स्विच मूठभर मिळतात, पण पिनची लांबी प्रत्येकाची निराळी. बंद दारामागे जागा किती आहे हे मोजणार कसं? आत बसून पट्टी धरता येत नाही. आईनेच सुचवलं, कणकेचा गोळा लाव. चौकटीवर प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर कणकेची गोळी, दार नेहमीसारखं लावलं, उघडलं आणि चपटी झालेली गोळी मोजली. डावीकडे ११ मिमी, उजवीकडे १४. उजवं दार बिजागरीला थोडं उतरलेलं आहे, म्हणून फरक. मोकळ्या पिनची उंची या मापापेक्षा ५-६ मिमी जास्त हवी आणि पूर्ण दाबलेली उंची या मापाहून कमी हवी. पहिली अट चुकली तर दार लावूनही दिवा जळत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरते. दुसरी चुकली तर दार स्विचवर आपटतं आणि स्विच फुटतो.

पुढच्या दारांमुळे बॅटरी उतरण्याची तक्रारही इथूनच येते. वर्षांनुवर्षं दार खाली उतरतं, रबर चपटं होतं, पिन पूर्ण दाबली जात नाही. दाराला बाहेरून आत दाबल्यावर दिवा विझतो आणि सोडल्यावर पेटतो का ते बघा. तसं होत असेल तर बिजागरी नीट करून घ्या, पिनवर रबराचे तुकडे चिकटवत बसू नका.

भोक पाडल्यावर कडा घासा आणि कच्च्या पत्र्याला प्रायमर लावा, फक्त स्क्रू टेकतो ती जागा मोकळी सोडा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच, नाहीतर धार वायर कापते. वायर उंबऱ्याच्या पट्टीखालून, गालिच्याच्या कडेने पुढच्या दाराच्या वायरीपर्यंत नेली आणि तिला जोडली. सगळे स्विच समांतर, कुठलंही दार उघडलं तरी सगळे दिवे लागतात. दारागणिक वेगळा दिवा हवा असेल तर मधे १-एन-४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे पार्ट) लागतील. मला ती गुंतागुंत नको होती. जोड पिळून टेप गुंडाळलेला चालत नाही, टेपचा डिंक उन्हात सुटतो. सोल्डर करा आणि वर श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) चढवा.

छताचा उजेड पायाशी पोहोचतच नाही, तिथे पुढच्या सीटची सावली पडते. म्हणून भंगारातला एका हॅचबॅकच्या डिकीचा छोटा दिवा पुढच्या डाव्या सीटच्या मागच्या बाजूला, खाली तोंड करून लावला. त्यात टी-१० नावाचा छोटा, धातूची टोपी नसलेला बल्ब बसतो. तिथे फिलामेंटचा बल्ब मुळीच घालू नका. कापड आणि गालिचा इतके जवळ असताना ५ वॅटची उष्णताही नको. मी आधी छतातल्या दिव्यात ५ वॅटच्या जागी १० चा घालून कव्हर करपवून घेतलं होतं, ते सीटमागे झालं असतं तर लक्षातही आलं नसतं. सीट पुढे-मागे सरकते, वायरीला तेवढा ढिला वेढा ठेवा आणि ती रुळात अडकणार नाही अशी बांधा. या नव्या फाट्याला, प्लस निघतो तिथेच, २ अँपिअरचा वेगळा फ्यूज दिला.

बॅटरीचा हिशोब

दार उघडल्यावर लागणारे सगळे दिवे मिळून आता पाव अँपिअर घेतात. आधीचा एक बल्ब ०.८३ घ्यायचा. रात्रीचे दहा तास दार नीट लागलं नाही तर पूर्वी ३५ एएचच्या बॅटरीतून आठेक एएच जायचे, आणि चार वर्षं जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं. आता अडीच जातात, गाडी सकाळी चालू होते.

एवढं करूनही बॅटरी उतरत असेल तर दिव्यावर खापर फोडण्याआधी झिरपणारा प्रवाह मोजा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत, बॅटरीचं मायनस सुटं करून मीटर मधे जोडायचा, दारांच्या पिना टेपने दाबून ठेवायच्या. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, हेडलाइट लावू नका, मीटर जाईल. माझ्या गाडीत १८ मिलिअँपिअर आले, ते स्टिरिओच्या मेमरीचे. ५० च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून बघा, आकडा जिथे खाली येतो तिथे शोधा.

गणपतीत आईला घेऊन रात्री चिपळूणला पोहोचलो तेव्हा धो धो पाऊस होता आणि गल्लीत वीज गेलेली. तिने दार उघडलं, पायाशी उजेड पडला, तिने खालचं डबकं बघितलं, पाय त्याच्या पलीकडे टाकला आणि छत्री उघडून चालू लागली. मी अजून सीटबेल्टच काढत होते.

पुण्याला परतल्यावर चारही दारांच्या स्विचवर किती व्होल्ट सांडतात ते मोजलं. पुढची दोन्ही ०.०५ च्या आत. मागचं डावं ०.०८. मागचं उजवं ०.३ वर गेलंय, दार उतरल्यामुळे तिथे टोपी नीट बसत नाही आणि पाणी आत जातं. येत्या रविवारी बिजागरीची पिन बदलायची आहे, मग स्विच काढून साफ करेन.